पल्ला आणि दम : लांब पल्ल्याचा धावपटू मार्गदर्शक कसा होतो

नगरहून मनमाडकडे निघालेला रस्ता सीना ओलांडून नागापुरात शिरतो आणि तेथून औद्योगिक वसाहतीचे सरळ, रुंद रस्ते सुरू होतात. पहिल्या पाळीचे कामगार येण्याआधी, अंधार पुरता सरलेला नसताना, या रस्त्यांवर मुले धावत असतात. कारखान्याच्या फाटकापासून अमुक खांबापर्यंत चारशे, परत आले की आठशे, असा त्यांचा हिशेब असतो. त्यांना क्रीडास्पर्धेत उतरायचे नसते. सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हायचे असते. सैन्यभरतीचे निकष अधूनमधून बदलतात, पण सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्याला पैकीच्या पैकी साठ गुण, हे समीकरण इतकी वर्षे चालले, की ‘साडेपाच’ हा शब्द उच्चारला तरी या मुलांना दुसरे काही सांगावे लागत नाही. यांतलीच काही मुले सकाळच्या तासाला आमच्यासमोर बसतात आणि संतकाव्य चालू असताना त्यांच्या पापण्या मिटत जातात. त्यांना जागे करताना आम्हांला नेहमी थोडे अपराध्यासारखे वाटते.

या मुलांना कोणी विचारले, की तुम्ही धावपटू आहात काय, तर ती बहुधा नाही म्हणतील. येथूनच या लेखाचा प्रश्न सुरू होतो. एखादा मुलगा धावत असतो म्हणून धावपटू होत नाही. मग तो धावपटू केव्हा होतो? आणि पुढे त्यांच्यापैकीच एखादा हातात घड्याळ घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो, तो कसा? आमचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या भागात लांब पल्ल्याचे धावणे नेहमी दुसऱ्या कशाचे तरी साधन म्हणून आले. त्याचा खेळ झाला तो कोणीतरी पाहणारा भेटला तेव्हा. आणि पाहणारा बहुधा असा माणूस निघाला, ज्याचे स्वतःचे धावणे कोठेतरी अपुरे राहिले होते.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘लांब पल्ल्याची शर्यत’ असे आपण सहज म्हणतो, पण ‘पल्ला’ हा शब्द क्रीडांगणावरचा नाही. पल्ला प्रवासाचा असतो, तोफेचा असतो, बैलगाडीचा असतो. तो गाठायचा असतो, जिंकायचा नसतो. ‘दम’ या शब्दाचीही तीच गोष्ट. दम म्हणजे श्वास, दम म्हणजे धीर, आणि दम म्हणजे धाकही. दम धरणे, दम लागणे, दम काढणे, दम देणे या चार क्रियापदांत धावण्याच्या शिक्षणाचा बहुतेक सर्व व्यवहार येऊन जातो. ही भाषा कष्टाच्या धावण्यातून आलेली आहे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘जासूदजोडी’ पाठवल्याचे उल्लेख वारंवार येतात. जासूद आणि हरकारे हे पल्ला गाठणारे पगारी लोक होते. त्यांच्या पायांवर मोहिमांचे निर्णय अवलंबून असत. परंतु त्यांच्या वेगाची नोंद कोणी केली नाही, कारण वेळेवर पोहोचलेल्या पत्राला महत्त्व होते, आणणाऱ्याला नव्हते. धावणे होते, धावपटू नव्हता.

तो प्रथम दिसला पुण्यात. १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहताना, संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या लक्षात आले, की अनवाणी धावणाऱ्या, बहुतांशी शेतकरी वर्गातल्या या तरुणांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या तुलनेत अगदीच टाकाऊ नाहीत. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदुस्थानचा लहानसा संघ उभा राहिला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते, सदाशिव दातार होते. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्या मापाची नव्हती, ती ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब मॅरेथॉन होती. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन ती २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत जिंकले. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. देशाच्या पहिल्याच अधिकृत ऑलिंपिक संघातल्या माणसाने जगात एकोणिसावे यावे, ही गोष्ट लहान नव्हती.

परंतु एकोणिसाव्या क्रमांकाची परंपरा झाली नाही. याचे कारण शोधताना शेजारी कुस्तीकडे पाहावे लागते. त्याच संघात कुमार नवले आणि रणधीर शिंदेस हे मल्ल होते, आणि शिंदेस आपल्या वजनगटात चौथे आले. कुस्तीच्या मागे तालीम होती, तालमीत वस्ताद होता, वस्तादाला त्याचा वस्ताद होता, आणि या सर्वांच्या मागे शाहू महाराजांसारखा आश्रयदाता होता; कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ सालचे आहे. हरलेला, वय उलटलेला मल्ल तालमीतच राहत असे आणि पोरांना डाव शिकवीत असे. त्याच्या पराभवालाही तेथे उपयोग होता. धावण्याला असे घर नव्हते. शर्यत संपली की धावणारा आपल्या शेताकडे किंवा नोकरीकडे परत जाई आणि त्याला जे कळले ते त्याच्याबरोबरच संपे. दोराबजींनी धावपटू पाहिला आणि त्याला जहाजावर चढवले. परत आल्यावर त्याने कोठे उभे राहावे, याची सोय मात्र झाली नाही.

धावण्याला घर नसते, ही अडचण केवळ आपली आहे असेही नाही. नागापूरच्या वसाहतीत फिरताना आम्हांला चेकोस्लोव्हाकियातले झ्लिन आठवते. तेथे बाटाचा प्रचंड कारखाना होता आणि त्यात एमिल झाटोपेक नावाचा अठरा वर्षांचा कामगार होता. १९४१ मध्ये गावात निघालेल्या शर्यतीसाठी कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने त्याला निवडले. आपली प्रकृती धड नाही अशी सबब त्याने सांगितली, ती चालली नाही. अंतर सुमारे चौदाशे मीटर, म्हणजे आमच्या मुलांच्या सोळाशेपेक्षाही कमी. तो शंभर जणांत दुसरा आला. पुढे सैन्यात गेला आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदके त्याने एकाच आठवड्याच्या अवधीत मिळवली. त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. झाटोपेकची कथा आपण इच्छाशक्तीची म्हणून सांगतो. तिची सुरुवात मात्र नको म्हणणाऱ्या मुलाला रांगेत उभे करणाऱ्या एका शिक्षकापासून होते, आणि त्या शिक्षकाचे नाव फारसे कोणाला आठवत नाही.

आता नगरजवळच्या एका उदाहरणाकडे येऊ. आष्टी तालुका बीड जिल्ह्यात आहे. पण दवाखाना, कॉलेज, बाजार यांसाठी तिथल्या माणसांचा ओढा नगरकडे असतो, आणि २०२२ मध्ये नगर ते न्यू आष्टी असा ६६ किलोमीटरचा लोहमार्गही सुरू झाला. या तालुक्यातल्या मांडवा गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे यांचा जन्म झाला. आईवडिलांची शेती थोडी आणि वीटभट्टीवरची मजुरी जास्त. शाळा सहा किलोमीटर दूर, वाहन नाही. म्हणून मुलगा चालत, धावत जाई. वर्तमानपत्रे या सहा किलोमीटरांवर फार खूश असतात. आम्हांला तो आकडा पुरेसा वाटत नाही. मराठवाड्यात आणि नगरच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात शाळेसाठी एवढे चालणारी मुले हजारोंनी होती. अंतराने सर्वांनाच दम दिला. धावपटू एकच झाला.

बारावीनंतर साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाले ते नोकरीसाठी. सियाचेन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. २०१५ मध्ये सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत ते प्रथम उतरले. तेथे सैन्याचे प्रशिक्षक अमरीशकुमार यांची नजर त्यांच्यावर गेली. मधल्या काळात दुखापत झाली, वजन वाढले. ते उतरवून साबळे पुन्हा उभे राहिले आणि २०१७ मध्ये अमरीशकुमारांच्या सांगण्यावरून तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळले. स्टीपलचेस म्हणजे साडेसात फेऱ्यांत अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. सुवर्ण हुकले ते एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, आणि त्याच शहरात पुढच्या महिन्यात ऑलिंपिकची अंतिम फेरी.

या चरित्रात शोध तीन वेळा लागलेला दिसतो. पहिल्यांदा रस्त्याने पाय घडवले, पण नाव दिले नाही. दुसऱ्यांदा सैन्याच्या शर्यतीने सांगितले, की हा इतरांपेक्षा वेगवान आहे. तिसऱ्यांदा एका माणसाने सांगितले, की तुझा खेळ हा नसून तो आहे. पहिले दोन शोध परिस्थितीने आणि संस्थेने लावले. तिसरा नजरेनेच लागू शकतो. मध्यंतरी साबळे काही काळ बेलारूसचे नामांकित प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्याकडे होते. ती पद्धत त्यांना मानवली नाही आणि ते अमरीशकुमारांकडे परतले. स्नेसारेव मोठेच प्रशिक्षक होते; पण नामांकित असणे आणि या एका माणसाला ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत ही नजर आणखी दुर्मीळ, म्हणून आणखी मोलाची. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत धावण्याकडे वळल्या, कारण या खेळाला साधने लागत नव्हती, अनवाणीही धावता येत होते. त्यांना नाशिकमध्ये विजेंद्रसिंग हे प्रशिक्षक भेटले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवून त्या या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. त्यांच्या मागून त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली संजीवनी जाधव आल्या, मोनिका आथरे आल्या. एका गावात एक प्रशिक्षक पुष्कळ वर्षे टिकून राहिला, तर काय होते, याचे नाशिक हे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आहे. पहिल्या मुलीला धावणे शोधावे लागले. तिसरीला ते घरासमोरून जाताना दिसले.

पण येथे एक विसंगतीही दिसते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉन गाजवून मग स्टीपलचेस धरली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी जे केले त्यानंतर बत्तीस वर्षांनी एखादी भारतीय स्त्री ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत उभी राहिली. पुढे त्या राज्याच्या महसूल सेवेत अधिकारी झाल्या. ते त्यांनी मिळवलेले होते आणि ते त्यांना मिळालेच पाहिजे होते. महाराष्ट्रात २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि दुष्काळी तालुक्यातल्या घरासाठी नोकरी म्हणजे काय, हे आम्हांला कोणी सांगायला नको. तरीही या व्यवस्थेचा एक परिणाम असा होतो, की जो सर्वांत चांगला धावला तो कचेरीत जातो आणि मैदानावर मागे राहतो तो, ज्याचे पदक थोडक्यात हुकले.

हे दुर्दैव आहे असे प्रथम आम्हांला वाटले. मग इतिहास पाहिल्यावर मत थोडे बदलले. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करीत. तरुणपणी क्लबातल्या एका ज्येष्ठाबरोबर पाच मैल धावताना त्यांची पार दमछाक झाली. आपण सत्तेचाळिसाव्या वर्षी कसे असू, या धास्तीने त्यांनी स्वतःवरच प्रयोग सुरू केले : किती धावले तर शरीर मोडते, किती धावले तर घडते. १९५० च्या ऑकलंडच्या एम्पायर स्पर्धेत ते मॅरेथॉन धावले, पदक मिळाले नाही. दहा वर्षांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, त्यांच्या परिसरातली मुले पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग एकाच दिवशी सुवर्णपदके घेऊन गेली आणि बॅरी मगी मॅरेथॉनमध्ये तिसरे आले. आपल्याकडे १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत यांच्याबरोबर उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार होते. नंबियार हवाई दलात असताना धावले होते, नंतर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडासंस्थेत शिकून प्रशिक्षक झाले. १९६१ साली स्थापन झालेल्या या संस्थेमुळे धावण्याला प्रथमच काहीशी तालीम मिळाली : हरलेल्याला, वय उलटलेल्याला आपले अनुभव ज्ञानात रूपांतरित करण्याची जागा.

अपवादही आहे, आणि तो बोलका आहे. केनियाच्या इटेन गावातल्या सेंट पॅट्रिक्स शाळेत १९७६ मध्ये आयर्लंडहून कॉम ओ’कॉनेल नावाचे धर्मबंधू भूगोल शिकवायला आले. धावण्याचे त्यांना काहीच माहीत नव्हते. मुले धावत होती, ते पाहत राहिले. पुढे पीटर रोनो यांच्यापासून डेव्हिड रुडिशा यांच्यापर्यंत ऑलिंपिक विजेते त्यांच्या हाताखालून गेले. म्हणजे स्वतः धावलेच पाहिजे असा नियम नाही. पाहत राहिले पाहिजे, आणि आपल्याला माहीत नाही हे ठाऊक असले पाहिजे. लिडियार्डना ती नम्रता दमछाकीने शिकवली, ओ’कॉनेलना अज्ञानाने. विजेत्याला मात्र ती वेगळी कमवावी लागते, कारण आपल्या शरीराने जे सहज केले ते दुसऱ्याला का जमत नाही, हे त्याला कळणे कठीण असते.

या पार्श्वभूमीवर नागापूरच्या रस्त्याकडे पुन्हा पाहू. नगर हे लष्करी ठाणे. रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री यांची प्रशिक्षण केंद्रे येथे आहेत. निवृत्त जवान आणि भरती हुकलेली मुले या दोघांतून येथल्या रस्त्यांवरचे मार्गदर्शक येतात. वयोमर्यादा उलटलेला, दोनतीनदा उंचीत, छातीत किंवा लेखी परीक्षेत अडकलेला मुलगा एके दिवशी धावणे थांबवतो आणि धाकट्यांची वेळ घेऊ लागतो. त्याच्याजवळ पतियाळाची पदविका नसते. त्याच्याजवळ ‘साडेपाच’ हा आकडा असतो आणि तो कसा हुकतो याचे सविस्तर ज्ञान असते. पहिली फेरी जोरात काढली की तिसरीत काय होते, हे त्याला पोटाच्या कळेवरून माहीत असते. ‘दम धर’ असे तो म्हणतो, तेव्हा ते दोन शब्द त्याने पुस्तकातून घेतलेले नसतात.

त्याच्या मर्यादाही लपवता येणार नाहीत. डांबरी रस्त्यावर रोज पूर्ण वेगाने धावायला लावणे, नडगीच्या दुखण्याला आळस समजणे, सतरा वर्षांच्या मुलीच्या आहाराचा विचारही न करणे, या चुका आम्ही डोळ्यांनी पाहिल्या आहेत. सर्वांत मोठी मर्यादा त्या आकड्याचीच आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे चारशे मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत. साबळे यांच्या विक्रमात अडथळ्यांसह प्रत्येक फेरी सुमारे पासष्ट सेकंदांची आहे. साडेब्याऐंशीला पोहोचलेल्या मुलाच्या पायांत पासष्ट आहेत काय, हे विचारायचे कोणाला सुचत नाही, कारण साडेब्याऐंशीला काम झालेले असते. आणि जो पंचाऐंशीवर अडकला, पण त्याच वेगाने दहा किलोमीटर न थकता जाऊ शकला असता, त्याला तर कोणी पाहिलेलेच नसते. तो नापास होऊन गावी जातो. लांब पल्ल्याचा धावपटू बहुधा याच मुलांत हरवतो.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या चित्रात आणखी एक रेघ ओढली आहे. चार वर्षांची सेवा, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम नेमणूक. आणि २०२३ पासून मैदानाआधी लेखी परीक्षा. म्हणजे धावायला मिळण्यासाठी आधी लिहावे लागते. आमच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलांच्या दृष्टीने या बदलाला थोडा विनोदी आणि बराच करुण अर्थ आहे. परंतु याच योजनेमुळे पंचविशीच्या आत सैन्यातून परतणारे, शिस्त आणि क्रॉसकंट्रीचा अनुभव असलेले तरुण गावोगावी येणार. ते सुरक्षारक्षकाचा गणवेश चढवतील, की त्यांच्यापैकी काहींना अभ्यासक्रम, मैदान आणि थोडे मानधन मिळून ते मार्गदर्शक होतील, हे त्यांच्या इच्छेवर थोडे आणि आपण त्यांना कोणती जागा देतो यावर फार अवलंबून आहे. फडेप्पा चौगुले यांच्यानंतर आपण ही जागा दिली नव्हती. शंभर वर्षे त्या चुकीची किंमत मोजून झाली आहे.

आमच्या हातात मैदान नाही, पतियाळाची पदविका नाही. सकाळच्या तासाला उशिरा आलेल्या मुलाला आम्ही पूर्वी कारण विचारत असू. हल्ली वेळ विचारतो. परवा एकाने पाच-छत्तीस सांगितली आणि मान खाली घातली. किती अंतर अजून तसेच धावता आले असते, असे विचारल्यावर तो गोंधळला. असे कोणी कधी विचारले नव्हते, म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने सांगितले, “विळद घाटापर्यंत गेलो असतो, सर.”